गुंतवळ

सॅलफर्डला, कालव्याकाठच्या स्टुडिओत
दर सहाव्या गुरुवारी पहाटे पाचला
मी एफुआ आंक्राच्या डोक्यावर केस शिवते.
शिवते म्हणजे खरंच शिवते. वाकडी सुई, काळा दोरा.

आधी तिच्या स्वतःच्या केसांच्या घट्ट वेण्या,
टाळूला चिकटून, कपाळापासून मानेपर्यंत,
आमच्या मिरजेकडे हळदीच्या रानात
सऱ्या पाडतात, तशा.
त्यावर पट्टी, पट्टीवर टाके,
आणि आठ वाजता, साऱ्या देशाच्या चहाबरोबर,
खांद्यावरून ओघळणारं ते सरळ, चकचकीत पाणी.

"रहस्य काय?" कुणी विचारलं की ती हसते:
"भरपूर पाणी, आठ तास झोप आणि आईची कृपा."
पाच तासही झोपत नाही ती, मला ठाऊक आहे.
पण मी एका कागदावर सही केलेली आहे:
या खोलीतलं केसभरही बाहेर जाणार नाही.

मला त्यात फार वावगं वाटलं नाही, खरं सांगायचं तर.
मालूमावशीला बघायला आले तेव्हा
तिच्या वेणीत हातभर गंगावन होतं.
चुलतसासूने शेपटा हातात धरून पाहिला,
किंचित ओढलासुद्धा.
आईने गाठ अशी मारली होती
की पुढे चाळीस वर्षं संसार झाला.

केसांच्या पाकिटावर छापलेलं असतं: भारतीय, अस्सल.
अस्सल!
आमच्या गल्लीत यायचा तो, सायकलला फुगे बांधून,
"केसांवर फुगेऽऽ"
आणि आम्ही कोनाड्यातलं आईचं गुंतवळ
मुठीत घेऊन धावायचो.
मुठीला एक फुगा. लाल मागायचा, मिळायचा निळा.
कुठे जायचे ते केस, कधी विचारलं नाही.

मग एका गुरुवारी
ओल्डहॅमच्या नऊ वर्षांच्या मुलीचं पत्र
एफुआने कॅमेऱ्यासमोर वाचलं:
माझे केस वर जातात, तुझे खाली येतात.
मी पाणी खूप पिते. आठ तास झोपते.
अजून किती दिवस लागतील?

एफुआ हसली. ते हसू मधेच
कुठेतरी अडकलं, कंगवा अडकतो तसं.
"जाहिरातींनंतर भेटू."

खुर्चीत येऊन बसली. "काप."
मी कराराचं म्हटलं. शांपूवाल्यांचं म्हटलं.
"कुमुद, दोरा काप."

तीन तासांची शिलाई
दोन मिनिटं चाळीस सेकंदांत उसवत नाही.
उजव्या कानामागच्या दोनच पट्ट्या निघाल्या.
तशीच गेली ती, एकीकडे पाणी, एकीकडे नांगरट,
आणि मानेवर लोंबणारा काळा दोरा.
मी कॅमेऱ्यामागून बोटाने दाखवत राहिले,
तिने पाहिलंच नाही.

"हे विकतचे," ती म्हणाली, "आणि हे माझे.
विकतचे मला आवडतात. पुढेही लावीन.
पण पाणी पिऊन हे होत नाही, बाळा."
मग हवामान. मग कुठल्याशा पुलाची दुरुस्ती.

नंतर बरंच झालं. शांपूवाले गेले.
कुणी धाडस म्हटलं, कुणी नाटक.
त्या मुलीला काय वाटलं, कळलं नाही.
एफुआचं नाव इथे मी बदललेलं आहे, माझंही.
सही ती सही.

त्या दोन पट्ट्या मात्र कचऱ्यात टाकवेनात.
पर्समध्ये घालून ट्रामने घरी आणल्या,
बाथरूमच्या खिडकीत ठेवल्यात. कोनाडा नाही इथे.
खालून कुणी ओरडत जात नाही.

आईचे नसणार.
आईचे कुरळे होते.

पण कारखान्यात सरळ करतात, म्हणे.