मुक्कामी गाडी

दिवसाआड घरी असतो मी.
एक रात्र शेवटच्या थांब्यावर, शाळेच्या भिंतीला टेकवलेल्या गाडीत,
मागच्या लांब सीटवर, पैशांची बॅग उशाला.
एक रात्र इथे.
म्हणजे सुजूचे अकरा महिने
माझ्या हिशेबात साडेपाचच,
आणि त्यातलेही बरेचसे तिच्या झोपेतले.

आज आलो तेव्हा करुणा नळावर होती.
पोरगी बाजेवर पालथी, मूठ तोंडात.
ओसरी सकाळीच सारवलेली, वाळत आलेली,
कोपऱ्यात अजून हिरवट ओल,
आणि तिथेच, कापसाच्या ढिगापाशी,
काहीतरी उमटलेलं.

कोंबडी नाही. मांजर नाही.
दाराकडून गुडघ्यांच्या गोल खळग्या आलेल्या,
त्या मी ओळखतो.
मग एका जागी दोन तळहात, रुतलेले,
आणि तिथून पुढे
गुडघे नाहीत.

एक पाऊल.
दुसरं फार आडवं, टाच नसलेलं.
तिसरं. चौथं.
बोटांचे दाणे तुरीएवढे.
शेवटच्या फेरीला डोकी मोजतो तसं
मी पुन्हा मोजलं. चारच.
पुढे एक बसका ठसा,
त्यात चड्डीची शिवणसुद्धा.

बादली ठेवत करुणा म्हणाली, कधी आले जी?
मी म्हणालो, आत्ताच. उभी राह्यते का आता?
राह्यते. पण बाजेचा पाय सोडत नाई.
तुमी घरी असानं, तवाच चालन थे.
कुंपणापलीकडून बेबीताई खोब्रागडे
दांडीवर लुगडं झटकत
कोणी न विचारताच ओरडल्या,
अजून लय टाइम हाये पोट्टीले!

अकरा वर्षं झाली मला गाडीवर.
तिकीट न काढलेला माणूस
कसा खिडकीबाहेर बघत बसतो, मला कळतं.
करुणा भिंतीकडे बघत होती.
भिंतीला खिडकी नाही.

तेवढा कोपरा सारवायचा राहिला तिचा,
की परत हात फिरवायला जिवावर आलं,
कोण जाणे.
ती चुलीपाशी वळली तेव्हा
मी पायानं थोडा कापूस पुढे सरकवला,
ठसे झाकले.

दिवेलागणीला सुजू उठली.
बाजेचा पाय धरून उभी.
मी समोर उकिडवा, खाकी शर्ट अजून अंगातच,
खिशातल्या चिल्लरचा आवाज करत.
तिनं माझ्याकडे पाहिलं, चिल्लरकडे पाहिलं,
आणि पाय फाकवले.
पोट पुढे, गुडघे सैल,
घाटाच्या वळणावर दोन्ही हात तिकिटात गुंतलेले असताना
मी जसा उभा राहतो
अगदी तशी.
हे हिला कोणी दाखवलं?
ही तर एकदाही बसली नाही माझ्या गाडीत.

तिनं बाज सोडली.

चिल्लर वाजवायचं मी विसरलो.
दोन्ही बाजूंना तोल जात होता तिचा,
प्रत्येक वेळी वाटलं, गेली,
प्रत्येक वेळी नाही गेली,
चेहरा असा की जणू जमीनच चालतेय
आणि ही नुसती तिला साथ देतेय.
मग माझ्या गुडघ्यावर तिचं कपाळ आदळलं,
शर्टाच्या गुंडीला लाळ.

पाह्यलं का जी! करुणा ओरडली,
पयल्यांदा! तुमच्या समोर!
तिच्या हाताला पीठ होतं, डोळे भरलेले,
आणि ते डोळे खोटे नव्हते.
माझेही नव्हते.
पयल्यांदा, मी म्हणालो.

पहाटे निघताना बॅटरीच्या उजेडात
कापूस बाजूला करून पाहिला कोपरा.
सारवण वाळून पांढुरकं झालेलं.
होती चारही.

डेपोत मेश्राम ड्रायव्हरला सांगितलं,
पोरगी चालली काल, माझ्यासमोर.
त्यानं इंजिन चालू करत विचारलं,
किती पावलं?

आख्ख्या गाडीची डोकी मला तोंडपाठ असतात,
अर्धं तिकीट किती, पासवाले किती.
मी दोरी दोनदा ओढली.
चल, म्हटलं, उशीर झाला.