लेबलावरचं सांबर

मुंढव्याच्या फाटकाआत, रुळांच्या अलीकडे,
गोदामाच्या भिंती काळ्या. चुना लावला तरी
दिवाळीपर्यंत पुन्हा काळ्या.
नव्या माणसाला वाटायचं, काजळी.
ती बुरशी. पिंपांतून उडणाऱ्या वाफेवर जगणारी,
कामावर असताना पिणारी तेवढी एकटीच.

नोशीर चिनॉय सांगायचे, विलायतेत वर्षाला
शंभरातले दोन लिटर उडतात. इथे आठ.
उन्हाळा कडक असला तर दहा.
एक्साइजचे बनसोडे रजिस्टर उघडून विचारायचे,
"कुणी नेलं?"
"उन्हाने."
उन्हाची सही घ्यायला रकाना नव्हता.
दाराला दोन कुलपं, एक कंपनीचं, एक सरकारचं.

मी लागले ती बाटल्या बघायला, दिव्यासमोर,
मिनिटाला अठ्ठावीस. केस, काचेचा कण, माशीचा पाय.
घरी सांगितलेलं, औषधाची कंपनी.
आईने कधी खोदून विचारलं नाही,
पहिल्या पगाराचं पातळ मात्र नाकाशी धरून
बराच वेळ उभी होती.

ब्रँडचं नाव रॉयल अँटलर.
खालच्या ओळीत बर्फाचा डोंगर आणि किल्ला,
मधोमध शिंगांचं जनावर.
चित्र सुतवणे ब्लॉकवाल्यांचं, बुधवारातलं.
विलायती हरीण त्यांनी बघितलेलं नव्हतं, म्हणून
तीन रविवार पेशवे पार्कात पिंजऱ्यासमोर बसले.
सांबराचं डावं शिंग मोडलेलं.
जसं दिसलं तसं काढलं.
मालक चिडले, पण ब्लॉक ओतून झाला होता.
पुढे नगरपासून लातूरपर्यंत दुकानात कुणी
इंग्रजी नाव घेईना.
"एक तुटकं दे," एवढंच.

एकदा बाटली तपासताना मी म्हणाले,
ह्याला ओल्या गोणपाटाचा वास आहे.
सुपरवायझर हसला. चिनॉय हसले नाहीत.
टँकर उघडला, तळाशी खरोखर पोतं निघालं.
दुसऱ्या दिवसापासून मी वरच्या मजल्यावर.

तिथे कळलं, कशाकशाची व्हिस्की होते ती:
मळीचं स्पिरिट, ज्याला स्वतःचं काही म्हणणं नसतं,
पिंपातलं माल्ट, ज्याचं फार असतं,
बंदरावरून आलेलं स्कॉच, पाहुण्याएवढं,
खडकवासल्याचं पाणी, सगळे क्षार काढलेलं,
आणि रंगाला जाळलेली साखर.
टाकीचं झाकण लावून चिनॉय सांगायचे,
"लगीन लागला हाय. तीन आठवडे
कोनी दार वाजवायचा नाय."

प्रत्येक घाण्याची तुलना नमुन्याशी.
नमुना कपाटात, मेणाने बंद केलेला.
बंद असला तरी थोडा उडायचा,
हुंगून हुंगून थोडा संपायचा,
मग ताज्या मालातली सगळ्यात जवळची बाटली
नमुना म्हणून आत जायची.
मी विचारलं, मग पहिली चव कशी होती?
चिनॉय चश्मा पुसत राहिले.
"पैल्या नमुन्याच्या वेळी माझा बाप होता इथे.
त्याला विचारायचा राहून गेला."

सव्वीस वर्षं हुंगली. गिळली नाही.
मग कंपनी विकली. नवे लोक आले, गळ्यात पट्टे,
त्यांनी वास घेणारं यंत्र आणलं, भिंती धुऊन घेतल्या.
चिनॉय पहिल्याच पावसाळ्यात गेले.
मी कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली,
पावती मागितली. त्यांना कळेना, कशाची.

परवा केशवनगरच्या दुकानात
जाळीसमोर पुरुषांच्या रांगेत उभी राहिले.
"एक तुटकं."
पोरगा म्हणाला, "काय, काकू?"
नाव सांगावं लागलं.
काळ्या पिशवीतून घरी आणली.
सांबराची दोन्ही शिंगं आता धड,
मान विलायती, डोळे कुणाचेच नाहीत.

दोन थेंब तळहातावर चोळले, हात नाकाशी नेले.
जळकी साखर. व्हॅनिला, जास्तच.
मागे काहीतरी लाकूड.
पुन्हा चोळले. थांबले. पुन्हा.

गोणपाट तरी यायला हवं होतं.