पासंग

काटा गेला मंगळवारी रात्री.
बेदाणा जागच्या जागी होता, हिरवा, पिवळा, काळा,
पंधरा-पंधरा किलोचे खोके पार पत्र्यापर्यंत,
एकाचीही चिकटपट्टी निघाली नव्हती.
गेला तो फक्त इलेक्ट्रिक काटा,
आणि त्याच्याखालचं पोतं नीट घडी घालून ठेवलेलं.
चोर चांगल्या घरचा दिसतोय, मुमताज म्हणाली.
कुणी हसलं नाही. दारात भाऊसो उभे होते.

तासगावातून मणेराजुरीकडं जाताना डाव्या हाताला आमचं शेड.
सव्वीस बायका, एक पट्टा, डोक्यावर मधमाश्या.
दिवसभर काड्या वेचायच्या.
घरी पोराच्या गालाला हात लावला
की तो तोंड फिरवतो, आई, गंधक.
सणाच्या शिऱ्यातही आम्ही बेदाणा घालत नाही.

भाऊसोंनी सदू गुरवाकडून किल्ली काढून घेतली,
गळ्यातली शिट्टीसुद्धा.
मग म्हणाले, सतरा हजारांचा काटा,
बाहेरचं कुणी इथं येत नाही,
प्रत्येकीचे सातशे कापा.

मी दहावीपर्यंत शिकलेली, म्हणून वजनाची वही माझ्याकडं.
सव्वीस साते एकशे ब्याऐंशी.
अठरा हजार दोनशे.
भाऊसो, वरचे बाराशे कशाचे?
तर म्हणाले,
तुम्ही सगळ्या मिळून त्या काट्याच्या
पासंगालासुद्धा पुरायच्या नाहीत.

संध्याकाळी फाटकावर डबे उघडून दाखवले.
शालनच्या डब्यात अर्धी भाकरी होती,
ती उलटीपालटी करून बघितली त्यांच्या भाच्यानं.
भाकरीखाली काटा मावतो का रे, बाळा?
हे शालन फाटकाबाहेर गेल्यावर म्हणाली.

बुधवारी माळ्यावरचा तराजू काढला.
दांडी गंजलेली, एका पारड्याला
सुतळीनं बांधलेला विटेचा तुकडा.
पारडी रिकामी धरली, दांडी सरळ.
मग शालनचा क्रेट चढवला.
तिचा भरलेला क्रेट सहा वर्षं साडेअकरा भरतो,
वहीत मागं कुठंही बघा.
सव्वाबारा भरला.
उतरवला, परत चढवला.
सव्वाबारा.
मग मुमताजचा. मग हौसाक्काचा, तिची तर बोटं वाकडी,
तिचा कायम कमी.
तिचाही पाऊण किलो वाढला.

माझ्या हातातला पेन थांबला.
भाच्यानं मान वाकवून वहीत बघितलं,
आत गेला, बाहेर आला:
मामा म्हणतात जुना तराजू खोटा आहे,
पाऊण किलो वजा करून लिहायचं.
मी लिहिलं. पेननं वजा केलेलं,
शेजारी पेन्सिलीनं खरं.

शनिवारी पगाराला पेन्सिलीचा रकाना वाचून दाखवला.
आवाज कापत होता, खोटं कशाला सांगू.
चौथ्या नावाला भाऊसोंनी चहाचा कप खाली ठेवला.
सोमवारपासून तू येऊ नकोस.

सोमवारी मी गेले. कुठं जाणार होते?
फाटकाजवळ बांधावर बसले.
आत पट्टा सुरू झाल्याचा आवाज आला,
पण बायकांचा आवाज नाही.
नंतर कळलं, पंचवीसजणी
हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या
आणि बेदाणा काड्यांसकट पुढं जात होता,
काड्यांसकट क्रेटमध्ये पडत होता.
गुरुवारी सौदा.
अकराच्या सुमाराला भाचा मला बोलवायला आला,
माझ्याकडं न बघता.

काटा कुणी नेला, मला माहीत नाही.
रात्री कधी कधी वाटतं, ज्यानं नेला
त्याला एकदा चहा पाजावा,
आणि मग हौसाक्काचे सातशे मागावेत.
ते अजून आलेले नाहीत. कुणाचेच नाहीत.
सदू गुरवही आला नाही.
शिट्टी त्याची स्वतःची होती, यात्रेत घेतलेली,
ती भाऊसोंच्या ड्रॉवरमध्ये आहे.

काल नवा काटा आला, थर्माकोलमध्ये गुंडाळून.
भाऊसोंनी नारळ फोडला, हळदकुंकू लावलं.
पहिला क्रेट आणा म्हणाले.
शालन माळ्याखाली गेली
आणि जुन्या तराजूचं पाच किलोचं लोखंडी माप
कडेवर मूल घ्यावं तसं घेऊन आली.
ठेवलं.
सव्वीसजणी वाकून बघतोय,
लाल आकडे
अजून थरथरतायत.