दहा बाजूंचा फासा

दिवसा मी महापालिकेत पाण्याच्या पाळ्या टाईप करते.
कुठल्या पेठेला कधी, किती वाजता, किती मिनिटं.
शनिवारी रात्री अंबादासच्या बंद कारखान्यात
दोन मागांच्या मधल्या बोळात सतरंजी टाकून
अख्खं शहर चालवते.

साल एकवीसशे बारा. शहर सोन्नलगी.
नाव जुनंच आहे, मी फक्त धूळ झटकली.
आकाश वाळल्या तेंदूपानाच्या रंगाचं,
तळ्यात कंपनीचा मनोरा,
आणि घोट घेतला की मनगटातल्या चिपमधून पैसे कापले जातात.
"हे भविष्य आहे का बे?" गुरुशांत विचारतो,
"आमच्या जुळे सोलापुरात असंच आहे की."
मी म्हणते, शीट भर.

शीटवर एक रकाना आहे: शरीरातलं काय विकलं?
गुरुशांतनं डोळे विकले, घारीचे बसवून घेतले;
बँकेच्या वसुलीवर फिरतो,
माणसं मागच्या दारानं निघून जातात त्याच्यासमोर.
नाझनीन नदाफनं झोप विकली.
झोप हा शरीराचा भाग नाही, मी नियम दाखवला.
ती म्हणाली, फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला ये, मग बोलू.
अंबादासनं उजवा हात लिहिला. क्रोमचा. कंसात: बोटं पाच.
मी काही विचारलं नाही.
त्याच्या नायनांना तीन आहेत.

चार शनिवार झाले, तिघं मनोऱ्याच्या दाराशीच अडकलेत.
फरशीवर खडूनं नकाशा, पहारेकरी म्हणून शेंगदाणे,
आणि दर वेळी हल्ल्याआधीच
कुणीतरी दोन पहारेकरी खाऊन टाकतं.
कुलूप फोडायला अंबादास फासा टाकतो: दोन.
पुन्हा: तीन. नाझनीन: एक.
मी सायरन वाजवते तोंडानं. घसा बसलाय माझा.

दाराजवळच्या बाजेवर नायना झोपल्याचं सोंग करतात.
आज सोंगातूनच म्हणाले,
"त्या मनोऱ्यात माग हायेत का?"
नव्हते. मी म्हटलं, आहेत. प्रकाशाचे. हजारभर.
"मग दार कशाला फोडता?
बाण्याचा एक धागा तोडा.
माग आपोआप थांबतो.
आवाज थांबला की मालक सोताच खाली येतो बघायला,
वरच्या पायजम्यावर."

माझ्या वहीत सतरा पानं होती,
गुप्त लिफ्ट, दुहेरी हेर, तिसऱ्या मजल्यावरचा विश्वासघात.
वही सतरंजीखाली सारली.
"टाका, नायना. आठ किंवा वर."

त्यांनी फासा कानाशी हलवला,
कांडीत सूत किती उरलंय ते बघावं तसा,
आणि सोडला तीन बोटांतून.
शहाबादी फरशीवर टकटकत गेला तो,
नकाशा ओलांडून, एक पहारेकरी पाडून,
सरळ मागाखाली, ग्रीस आणि कापूसकचऱ्यात.

तेवढ्यात बाहेर नळानं आधी हवा ओकली.
दोन वाजून दहा मिनिटं.
माझ्या हातच्या कागदावर उद्या पहाटे पाच होतं.

मग कसलं सोन्नलगी.
घारीच्या डोळ्यांचा गुरुशांत अंधारात पायरी चुकला, हंड्यासकट.
झोप विकलेली नाझनीन जांभया देत पाईप धरून उभी.
अंबादास दोन साध्या हातांनी चार बादल्या.
शेजारच्या यल्लूबाई विड्यांचं सूप बाजूला सारून ओरडत होत्या,
कुणी सांगितलं नाही गं, कुणी सांगितलं नाही,
आणि मी मान खाली घालून पिंप भरत होते.

सोमवारी ऑफिसात
'वेळापत्रकातील फरकाचे कारण' या रकान्यात
बराच वेळ कर्सर लुकलुकत राहू दिला.

फासा अजून मागाखाली आहे.
पुढच्या शनिवारपर्यंत कुणी वाकायचं नाही, असं ठरलंय.
नायना म्हणतात, नऊ आहे.
त्यांनी पाहिलेलं नाही.