हेडरेस्ट

डेटनच्या शोरूममध्ये कर्टिस
कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवतो.
लीज : छत्तीस महिने, हप्ता हलका,
वर्षाला दहा हजार मैल,
ओरखडा चालेल नाण्याएवढा.
कर्ज : बहात्तर महिने, मग गाडी तुमचीच.

अडुसष्ट अधिक सहा,
मी मनात मांडते.
तोही मांडत असावा. सभ्य आहे, बोलत नाही.

काचेपलीकडे आमची जुनी उभी.
ड्रायव्हरच्या हेडरेस्टवर
ह्यांच्या खोबरेलाचा डाग.
त्याचे त्याने तीनशे डॉलर कापलेत.

लीजच्या गाडीत
हळदीची पिशवी मांडीवर धरून
पाहुण्यासारखं अंग चोरून बसायचं,
तीन वर्षं?

“बहात्तर,” मी म्हणते.
पेन उमटत नाही. तो दुसरं शोधतो.

“आणि कर्टिस,
तीनशे कापलेच आहेस,
तर ते हेडरेस्ट काढून दे.”