अनुभवाचा दाखला

लेटरहेड नव्हतंच आपल्या गॅरेजला.
विट्यात, खानापूर रोडला, पत्र्याच्या शेडवर
ऑइलच्या कंपनीनं फुकट रंगवून दिलेला बोर्ड,
तेवढीच काय ती ओळख.
म्हणून स्टँडसमोरच्या प्रेसमधून
पंचवीस छापून आणली. लागणार होतं एकच.

तौफिकनं मजकूर फोनवर आणलेला:
हुद्दा, कामाचं स्वरूप, पगार,
आठवड्याला अडतीस तास.
अडतीस?
कारखाना सुरू झाला की उसाच्या ट्रॅक्टरखाली
हा दोन-दोन रात्री आडवा,
आणि उरुसाला चार दिवस तोंड दाखवायचा नाही.
बेरीज करून बघितली. सोडून दिली.
अडतीस लिहिलं.

तिकडं कुठलंसं गाव आहे, अकराशे वस्तीचं.
गहू कापायची मशिनं, घराएवढी.
तिथल्या मालकानं म्हणे दोनदा जाहिरात दिली,
आणि कुणीच आलं नाही हे सरकारला पटवून दिलं.
मी कधी जाहिरात दिली होती?
शटर अर्धं उघडं होतं,
हा शाळेच्या पॅन्टीत वाकून आत आला,
म्हणाला, दादा, पाना धरू का?

'रीजनल' म्हणजे काय रे, मी विचारलं.
शहर सोडून, म्हणाला. खेड्यातच राहायची अट.
हसलो दोघं.
आधी कोण थांबलं ते आठवत नाही.

माझा बाप पंधराव्या वर्षी सेलमला गेला,
गलाईच्या दुकानात, तेजाबाच्या धुरात.
त्याचा व्हिसा म्हणजे पळशीच्या दत्तूअण्णांचा शब्द:
पाच वर्षं दुकान सोडायचं नाही.
सोडलं असतं तर पार मदुरेपर्यंत
कुठल्याच भट्टीवर आपल्या माणसांनी उभं केलं नसतं.
बापानं अण्णांना कधी वाईट म्हटलं नाही.
चांगलंही नाही.
विषय निघाला की तळहात बघत बसायचा.

तौफिकचाही पाच वर्षांचाच.
कागदावर मालकाचं नाव.
मालक सुटला तर ठरल्या दिवसांत दुसरा शोधायचा,
नाहीतर देश सुटला.
हे सांगताना तो एका बोल्टाला ग्रीस लावत होता.
त्या बोल्टाला ग्रीस लागत नाही.

आणखी एक.
लांब स्क्रू-ड्रायव्हर इंजिनावर टेकवून, मूठ कानाला लावून
कुठला सिलिंडर रुसलाय ते सांगणारा हा पोरगा
इंग्रजीच्या परीक्षेत दोनदा पडला.
'ऐकणे' या विषयात.
तिसऱ्यांदा काठावर निघाला.

मी लिहिलं: काम चोख. वागणूक चांगली.
पुढं लिहिणार होतो, उचल कधी मागितली नाही.
मग आठवलं, दोनदा मागितली,
बहिणीच्या लग्नात आणि याच परीक्षेच्या फीला.
सांगलीचा एजंट म्हणाला, असलं काही नको.
सही केली. कोपऱ्यात अंगठ्याचा काळा डाग उमटला.
चोवीस कोरी शिल्लक होती.
राहू दे, तौफिक म्हणाला, हेच नेतो.

आता शटर पूर्ण वर असतं.
वाकून कुणी येत नाही.

परवा सकाळी सहाला व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचा आवाज.
त्याचा म्हणजे इंजिनाचा, चाळीस सेकंद.
खाली एक ओळ: दादा, काय वाटतंय?
फोन कानावर दाबून धरला.
टॅपेट. दुसरं, नाहीतर तिसरं.
कळवून टाकलं.

मग परत लावलं.
इंजिनाच्या पलीकडं कुणीतरी
त्याला ओरडून काही सांगतंय.
नावानं हाक मारतंय का, की नुसतंच,
ते नीट येत नाही.
बायको म्हणाली, चहा निवतोय.
इंजिनाचं कळलंय गं, म्हटलं,
थांब जरा,
आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं.