दोनदा मोजलेलं

सोहारच्या दवाखान्यात एसी इतका गार
की बाहेरचा ऑगस्ट ही कुणीतरी मारलेली थाप वाटते.
रय्या विचारते, न्यूमोनियाची लस आधी झालीय?
तिची हिंदी सिनेमातली, माझी अरबी गोदामातली,
अधेमधे कुठेतरी गाठ पडते.

झाली असावी. मत्रहला असताना.
कार्ड खोक्यात होतं.
माल इकडे सोहारला यायला लागला, मीही आलो,
खोकं आलं नाही.

एकतीस वर्षं टॅली क्लार्क.
तांदळाची गोण, साखरेची गोण,
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
साहेब म्हणायचा, पेवेकर,
कमी भरलं तर समुद्राची चूक,
जास्त भरलं तर तुझी.
एक गोण दोनदा मोजली गेली
तर मला रात्रभर डोळा लागत नसे.

आणि ही पोर म्हणते,
दोनदा झाली तर झाली, बाबा.
दंड सुजेल, मागच्याहून थोडा जास्तच,
लाल होईल, ठणकेल,
दोन-तीन दिवसांत उतरेल.
फक्त मधे पाच वर्षं गेलेली बरी.

पालशेतला फोन लावला.
इंदू म्हणाली, थांबा, दूध उतू जातंय.
मग म्हणाली, डाव्या दंडाला घेतलीत.
त्या रात्री सुरमई करपवलीत
आणि दोष हाताला दिलात.
सहा वर्षं झाली, धाकटीच्या बारशाचा आठवडा.
आता उजव्याला घ्या.

मला परकार आठवला.
खोलीतली पलीकडची खाट.
गेल्या शमालात धुळीचा खोकला म्हणून गेला,
चौथ्या दिवशी त्याची गादी गुंडाळून ठेवली आम्ही.
त्याची रेघ मी कुठल्याच वहीत ओढली नाही.

बाही वर केली.

रात्री दंडात कुणी निखारा ठेवल्यासारखं.
लालीच्या कडेने बॉलपेनने गोल काढला,
रय्याने सांगितलं होतं,
बाहेर गेली तर फोन कर.
सकाळी काठाशी. दुसऱ्या सकाळी काठाशीच.
तिसऱ्या सकाळी आत,
ओहोटीला होडी चिखलात बसते तशी.
गोल तेवढा राहिला,
दोन अंघोळी पुरला.

नवं कार्ड फ्रीजवर चिकटवलंय.
इंदूला फोटो पाठवला.
ती म्हणाली, तारीख नीट दिसत नाही,
पुन्हा काढा.